सबक देणारा फोन, सबक ऐकणारे घर

दिव्य कुरआनच्या अवतरणाचा प्रारंभ वाचण्याच्या आदेशाने झाला. सूरह अल-अलकच्या पहिल्या पाच आयतींत वाचनाचा, लेखणीचा आणि मानवाला ठाऊक नसलेले शिकविणाऱ्या पालनकर्त्याचा उल्लेख येतो. ज्या समाजात लिहिता-वाचता येणारी माणसे अगदी मोजकी होती, त्या समाजाला मिळालेला हा पहिला संदेश होता. म्हणूनच मुस्लिम घरातील मूल जेव्हा पहिले अक्षर गिरवू लागते, तेव्हा ती केवळ शाळेची बाब राहत नाही. ती त्या घराच्या ईमानाशी आणि जबाबदारीशी जोडली जाते.

आज मात्र मुलाच्या हाती लेखणीच्या आधी मोबाइल फोन येतो. त्या फोनमध्ये पाठ्यपुस्तके आहेत, गोष्टी आहेत, पाढे आहेत, कुरआनचे पठणही आहे. त्याच फोनमध्ये निरर्थक करमणुकीचा न संपणारा ओघही आहे. आईवडील गोंधळतात आणि विचारतात, "मुलाला फोन द्यावा की देऊ नये?"

प्रिय वाचक बंधू-भगिनींनो, हा प्रश्न अपुरा आहे. त्याचे पूर्ण रूप समजून घेण्यासाठी आपल्या मकतबची जुनी रीत आठवून पाहा. उस्ताद मुलाला सबक देतात. मूल तो घरी घोकते. दुसऱ्या दिवशी ते उस्तादांसमोर बसून तो ऐकवते. जोवर मागचा सबक ऐकवून होत नाही, तोवर पुढचा मिळत नाही. शिक्षणाचा खरा कणा या ऐकवण्यात आहे. फोन सबक देतो, हजार वेळा देतो, न थकता देतो. परंतु मुलासमोर बसून, त्याच्या चेहऱ्याकडे पाहत सबक ऐकून घेणारे माणूस फोनमधून येत नाही. तेव्हा खरा प्रश्न असा आहे : फोनने दिलेला सबक आपल्या घरात कोण ऐकणार?

डोंगरकपारीच्या तालुक्यात

सांगली जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला असलेला शिराळा तालुका डोळ्यांपुढे आणा. मोरणा आणि वारणा या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेली गावे, पश्चिमेकडे चांदोलीचे धरण व जंगल, आणि डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या. पावसाळ्यात या पश्चिम भागात पाऊस दिवसेंदिवस उघडत नाही; वीज जाते आणि फोनची रेंजही तिच्या मागोमाग जाते. घरातील कर्ता पुरुष कामानिमित्त तालुक्याच्या गावी, मुंबईला किंवा आखातात असतो. अनेक घरांत चांगला फोन एकच असतो आणि तो सकाळी त्याच्या खिशातून बाहेर जातो. मूल दिवसा जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते आणि संध्याकाळी मशिदीतील मकतबमध्ये. उरलेल्या वेळेत घरी अम्मी, दादी आणि भावंडे असतात.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा अशा घरांची परीक्षा झाली. राज्याच्या शिक्षण विभागाने 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' या नावाने अभ्यासमाला चालविली. तिचे दुवे रोज व्हॉट्सअॅपवरून शिक्षकांकडे आणि तेथून पालकांकडे पोहोचत. ज्यांच्याकडे इंटरनेट नव्हते, त्यांच्यासाठी एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची 'टिलीमिली' ही मालिका २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी असलेली ही मालिका बालभारतीच्या पुस्तकांवर आधारलेली होती. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग प्रत्यक्षात उघडले ते डिसेंबर २०२१ मध्ये. जे मूल शाळा बंद होताना पहिलीत होते, ते परत आले तेव्हा तिसरीत होते. मधले दीड वर्षाहून अधिक शिक्षण घराच्या उंबरठ्याच्या आत झाले, किंवा झाले नाही.

झाले की नाही, याचे उत्तर 'असर' या देशव्यापी ग्रामीण पाहणीने दिले. २०१८ मध्ये ग्रामीण भारतातील सुमारे ३६ टक्के शाळकरी मुलांच्या घरांत स्मार्टफोन होता. २०२२ मध्ये हे प्रमाण सुमारे ७५ टक्क्यांवर गेले. म्हणजे चार वर्षांत फोन असलेली घरे दुपटीहून अधिक झाली. याच काळात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे प्रमाण २७.३ टक्क्यांवरून २०.५ टक्क्यांवर घसरले. या घसरणीचे मुख्य कारण बंद शाळा हेच होते, यात शंका नाही. परंतु घरोघरी पोहोचलेला फोन ती पोकळी भरून काढू शकला नाही, हेही तितकेच खरे आहे.

वारणाकाठचा जुना धडा

साधन येणे आणि ज्ञान येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा वारणा खोऱ्याला तर त्याआधीच मिळाला होता. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातील, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांना संगणकाने जोडण्याचा 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प हाती घेण्यात आला. भारतातील खेड्यांमध्ये संगणकाचे जाळे नेण्याच्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी तो एक होता. शेतीची माहिती, आरोग्य आणि शिक्षण ही त्याची उद्दिष्टे होती. काही वर्षांनी अभ्यासकांनी पाहिले, तेव्हा गावातील संगणकांचा उपयोग प्रामुख्याने उसाच्या नोंदी आणि हिशेबासाठी होत असल्याचे आढळले. त्या कामासाठी साधा मोबाइल संदेशही पुरेसा ठरतो, हे पुढे काही गावांत प्रयोग करून दाखविण्यात आले.

यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. उसाचा हिशेब विचारणारा माणूस रोज त्या संगणकापाशी येत होता, म्हणून हिशेबाचे काम टिकले. मुलाचा अभ्यास विचारणारा माणूस जिथे रोज येत नाही, तिथे शिक्षणाचे काम टिकत नाही. यंत्राचा उपयोग विचारणाऱ्यावर ठरतो. आपल्या घरातील फोनलाही हाच नियम लागू आहे.

जबाबदारी कोणाची?

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रत्येक माणसाला मेंढपाळाची उपमा दिली आहे आणि ज्याच्या स्वाधीन जो कळप आहे, त्याविषयी त्याला जाब विचारला जाईल असे सांगितले आहे. पुरुष आपल्या कुटुंबाविषयी आणि स्त्री आपल्या घराविषयी उत्तरदायी आहे. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. सूरह अत-तहरीमच्या सहाव्या आयतीत ईमानधारकांना स्वतःबरोबर आपल्या घरच्यांनाही आगीपासून वाचविण्याचा आदेश आहे, आणि भाष्यकारांनी त्याचा अर्थ घरच्यांना ज्ञान देणे व चांगले वळण लावणे असा सांगितला आहे. मेंढपाळ कळपाबरोबर असतो. कळपाला कुरण दाखवून तो निघून गेला, तर त्याला मेंढपाळ म्हणत नाहीत.

सूरह लुकमानमध्ये हजरत लुकमान आपल्या मुलाला उपदेश करतात. तौहीद, नमाज, संयम, चालण्यातील नम्रता आणि बोलण्यातील मृदुता अशा अनेक गोष्टी ते शिकवितात. त्या आयती वाचताना एक गोष्ट लक्षात घ्यावी : पिता मुलाला पुनःपुन्हा मायेने साद घालतो. त्या शिक्षणात दोन माणसे समोरासमोर आहेत.

काही वाचक म्हणतील, "शाळेचे शिक्षण निराळे आणि दीनचे निराळे. गणिताच्या अॅपचा धर्माशी काय संबंध?" त्यांनी बद्रच्या युद्धकैद्यांची घटना आठवावी. हिजरीच्या दुसऱ्या वर्षी मक्केचे जे कैदी मुस्लिमांच्या हाती आले, त्यांपैकी काहींजवळ सुटकेचे मूल्य देण्याची ऐपत नव्हती. पण त्यांना लिहिता येत होते. मदीनेतील मुलांना लेखन शिकविणे हेच त्यांच्या सुटकेचे मूल्य ठरविण्यात आले. सीरतच्या ग्रंथांत प्रत्येकाने दहा मुलांना शिकवावे असे ठरल्याचा उल्लेख आहे, आणि त्या मुलांत हजरत जैद बिन साबित (र.) होते अशीही नोंद आहे. पुढे कुरआनचे संकलन करण्याचे महान कार्य ज्यांच्या हातून झाले, ते हेच. शिकविणारे मुस्लिम नव्हते, नुकतेच रणांगणात समोर उभे ठाकलेले होते. तरीही अक्षरज्ञान त्यांच्याकडून घेण्यात संकोच झाला नाही. मात्र मुले आपल्या वस्तीत, आपल्या माणसांच्या नजरेसमोर शिकत होती. उपयुक्त विद्या कोठूनही घ्यावी आणि मुलावरील नजर आपलीच असावी, या दोन गोष्टी आपण या घटनेतून घेऊ शकतो.

कोणती साधने उपयोगी आहेत?

बाजारात महागडी अॅप पुष्कळ आहेत. त्यांच्या जाहिराती पाहून कर्ज काढणारे पालकही आहेत. त्याची गरज नाही. पहिली ते चौथीच्या मुलाला पुरतील अशी चांगली साधने मोफत मिळतात, आणि तीही मराठीत.

पहिले साधन ई-बालभारती. बालभारती, म्हणजे महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, १९६७ पासून राज्याची पाठ्यपुस्तके तयार करीत आहे. ती पुस्तके तिच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात, मराठी माध्यमाची आणि उर्दू माध्यमाचीही. पुस्तक पावसात भिजले, फाटले, हरवले, तरी अभ्यास अडण्याचे कारण नाही. मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाला घरी उर्दू शिकवायची असेल, तर पहिलीचे उर्दू पुस्तकही तेथेच सापडते.

दुसरे साधन दीक्षा. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेले हे अॅप आहे. पाठ्यपुस्तकातील पाठावर जो क्यूआर कोड छापलेला असतो, तो या अॅपने स्कॅन केला की त्याच पाठाशी संबंधित चित्रफिती व सराव समोर येतात. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडच्या वापरासाठी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचे नाव जगभर पोहोचले आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळाले. पुरस्काराची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. दीक्षाचा मोठा गुण असा की त्यातील साहित्य एकदा डाउनलोड करून ठेवले की पुढे इंटरनेट लागत नाही. रेंज नसलेल्या वाडीवरील घरासाठी हा गुण अमोल आहे. अब्बांनी तालुक्याच्या गावी असताना आठवड्याचे पाठ उतरवून घ्यावेत. घरी ते केव्हाही पाहता येतात.

तिसरे साधन वाचनाचे. बालभारतीचे 'किशोर' हे मासिक १९७१ पासून निघते, आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. आजच्या दादा-दादींनी लहानपणी जे अंक वाचले असतील, तेच नातवंडांना दाखविता येतील. प्रथम बुक्सचे 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ २०१५ पासून चालू आहे. तेथे मराठी, उर्दू आणि इतर अनेक भाषांतील चित्रकथा अवघडपणाच्या पातळीनुसार लावलेल्या आहेत. ज्या मुलाला दोन ओळींपेक्षा अधिक वाचवत नाही, त्याच्यासाठी दोन ओळींचे पान आहे. जे पुढे गेले आहे, त्याच्यासाठी मोठी गोष्ट आहे. घरात दखनी, शाळेत मराठी आणि मकतबमध्ये उर्दू अशा तीन वाटांवर चालणाऱ्या आपल्या मुलांना एकच गोष्ट दोन भाषांत वाचता येणे, हा मोठाच लाभ आहे.

चौथे साधन हातांचे. पुण्याच्या आयुका या संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम केलेले, २०१८ मध्ये पद्मश्री मिळालेले अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनविण्याचा मोठा संग्रह मोफत खुला केला आहे. काडेपेटी, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, जुने वर्तमानपत्र आणि झाडूच्या काड्या यांतून विज्ञान शिकता येते. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकेही आहेत. येथे फोन पाच मिनिटे पाहायचा आणि हात अर्धा तास चालवायचे, असा क्रम असतो. लहान मुलासाठी फोनचा याहून चांगला उपयोग क्वचितच सापडेल.

पाचवे साधन कुरआनचे पठण. जगातील उत्तमोत्तम कारींचे पठण आज एका स्पर्शावर ऐकता येते, आणि ते घरात ऐकू येत राहणे हे बरकतीचे आहे. परंतु येथे एक सावधगिरी हवी. सीन, साद आणि से ही तीन अक्षरे मराठी बोलणाऱ्या मुलाच्या तोंडी एकाच 'स'ने येतात. फोन शुद्ध उच्चार ऐकवील, पण मुलाची जीभ कोठे चुकते ते समोर बसलेल्या उस्तादांना कळते. म्हणून पठण ऐकण्यासाठी फोन घ्यावा आणि सबक ऐकविण्यासाठी मकतब सोडू नये.

ऐकून घेण्याची सुन्नत

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. "मी स्वतः चौथीपर्यंत शिकले, मी काय शिकविणार?" असे अनेक भगिनी म्हणतात. ज्यांना अजिबात वाचता येत नाही, अशाही आया आहेत. त्यांनी मन लहान करू नये. शिकविण्याचे अर्धे काम सांगण्याचे असते आणि अर्धे ऐकण्याचे. सांगण्याचे काम फोन करील. ऐकण्यासाठी पदवी लागत नाही.

बुखारी व मुस्लिममध्ये एक प्रसंग आहे. प्रेषित (स.) यांनी हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (र.) यांना कुरआन ऐकविण्यास सांगितले. ते चकित झाले. ज्यांच्यावर कुरआन अवतरला, त्यांनाच तो कसा ऐकवावा? तेव्हा प्रेषित (स.) यांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकणे आपल्याला आवडते असे सांगितले. मग सूरह अन-निसाचे पठण ऐकताना त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. तसेच दर रमजानमध्ये हजरत जिब्रील (अ.) प्रेषितांबरोबर (स.) कुरआनची उजळणी करीत, आणि जीवनाच्या अखेरच्या वर्षी ती दोनदा झाली, असे बुखारीत आले आहे. ज्या ग्रंथाचे रक्षण खुद्द अल्लाहने आपल्याकडे घेतले, त्याचे शिक्षणही ऐकण्या-ऐकविण्याच्या वाटेने चालले. मग आपल्या मुलाच्या पाढ्यांना आणि बाराखडीला ऐकणारे कोणी नको काय?

यासाठी रोजचा अर्धा तास पुरेसा आहे. त्याचे तीन भाग करावेत.

पहिली दहा मिनिटे फोनची. एकच पाठ किंवा एकच गोष्ट. मुलाच्या शेजारी बसावे. फोन आईच्या किंवा मोठ्या भावंडाच्या हातात असावा.

दुसरी दहा मिनिटे ऐकण्याची. फोन पालथा घालून बाजूला ठेवावा. मुलाला विचारावे, "काय पाहिलेस ते मला सांग. त्यात नवे काय कळले? आता मला करून दाखव." भागाकाराचा पाठ झाला असेल, तर अठरा शेंगा पुढे ठेवून सहा जणांत वाटायला सांगाव्यात. मराठीची गोष्ट झाली असेल, तर ओळीवर बोट ठेवून वाचायला सांगावे. आईला अक्षर येत नसले, तरी मूल कोठे अडखळते, कोठे अंदाजाने पुढे रेटते, हे तिच्या कानाला बरोबर कळते. अडखळले की "पुन्हा एकदा" एवढेच म्हणावे. रागावू नये.

तिसरी दहा मिनिटे पाटी-वहीची. जे सांगितले, ते लिहायचे किंवा चित्र काढायचे. हे पान शुक्रवारी अब्बांना किंवा शिक्षकांना दाखवावे. वडील मुंबईत वा आखातात असतील, तर आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉलवर त्यांनी मुलाचा सबक ऐकावा. मुलाला "अभ्यास कर रे" असे दुरून सांगणारा पिता आणि "काय शिकलास, ऐकव" म्हणणारा पिता, यांत फार मोठे अंतर आहे. फोनचा हा उपयोग सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल, कारण येथे फोनच्या पलीकडे ऐकणारा कान आहे.

खान अकादमीची सुरुवातही अशीच झाली होती. २००४ मध्ये अमेरिकेत राहणारे सलमान खान हे गृहस्थ दूरच्या शहरातील आपल्या नात्यातील लहान बहिणीला गणित समजावून देऊ लागले. त्यातून पुढे जगभर पाहिल्या जाणाऱ्या धड्यांची संस्था उभी राहिली. मुळाशी एका घरच्या माणसाने घरच्या मुलीसाठी काढलेला वेळ होता.

रोज अर्धा तास हा थोडा वाटेल. पण अल्लाहला सर्वांत प्रिय असलेले कर्म ते, जे थोडे असले तरी सातत्याने केले जाते, अशी शिकवण बुखारी व मुस्लिममधील हदीसमधून मिळते. रविवारी चार तास आणि मग पंधरा दिवस काहीच नाही, या रीतीने मूल शिकत नाही.

मुलगा आणि मुलगी

घरात फोन एक आणि मुले दोन-तीन असली की तो कोणाच्या हाती जातो? पुष्कळदा मुलाच्या. मुलगी भांडी घासते, धाकट्याला सांभाळते, आणि तिची पाळी येते तेव्हा बॅटरी संपलेली असते. हजरत नुअमान बिन बशीर (र.) यांच्या वडिलांनी त्यांना एक देणगी दिली आणि तिला साक्षी राहण्याची विनंती प्रेषितांना (स.) केली. प्रेषितांनी (स.) विचारले, सर्व मुलांना असेच दिले आहे काय? उत्तर नकारार्थी येताच त्यांनी अल्लाहचे भय बाळगण्यास व मुलांमध्ये न्याय करण्यास सांगितले. ही हदीसही बुखारी व मुस्लिममध्ये आहे. आजच्या घरात शिक्षणासाठी दिलेला फोनचा वेळ ही देणगीच आहे. तिची वाटणी न्यायाने झाली पाहिजे. भिंतीवर कागद लावून पाळ्या लिहाव्यात आणि मुलीची पाळी आधी लिहावी, म्हणजे ती राहून जाणार नाही.

मर्यादा आणि सावधगिरी

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार पाच ते दहा वर्षांच्या मुलाचा पडद्यासमोरील एकूण वेळ दिवसाला दोन तासांहून कमी असावा, आणि दोन वर्षांखालील बाळाला पडदा दाखवूच नये. जेवण भरवताना बाळापुढे फोन धरण्याची सवय आपण सोडली पाहिजे.

सूरह बनी इस्राईलच्या ३६ व्या आयतीत ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नये, असे सांगून कान, डोळे आणि हृदय या प्रत्येकाचा जाब विचारला जाईल अशी सूचना दिली आहे. लहान मूल अद्याप उत्तरदायी नाही. पण त्याचे कान आणि डोळे सध्या आपल्या स्वाधीन अमानत आहेत. म्हणून काही साधे नियम पाळावेत. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होण्याची सोय बंद करावी. मुलाला एकट्याने बंद खोलीत फोन देऊ नये. पैसे पाठविण्याच्या अॅपचा पिन मुलाला कळू देऊ नये. मुलाचे नाव, छायाचित्र, शाळा व पत्ता कोणत्याही अॅपमध्ये भरण्यापूर्वी विचार करावा. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक मानली आहे, म्हणजे हा हक्क आपला आहे. धार्मिक कथांचे व्हिडिओ तर आधी स्वतः पाहावेत आणि शंका आल्यास आलिमांना विचारावे. आकर्षक चित्रांमुळे दुर्बल कथा खरी ठरत नाही.

आणखी एक. "अभ्यास केलास तर फोन देईन" असे सांगून नंतर देत नाही, किंवा "फोन बिघडला आहे" असे खोटे सांगतो, हे आपल्याकडून सहज घडते. अबू दाऊदमध्ये एक प्रसंग आहे. एका मातेने "ये, तुला काही देते" म्हणून मुलाला बोलावले. प्रेषितांनी (स.) तिला काय देणार म्हणून विचारले. तिने खजूर असे उत्तर दिले. तेव्हा त्यांनी सांगितले की तिने काहीच दिले नसते, तर तिच्या नावे एक असत्य लिहिले गेले असते. मुलाला नकार द्यायचा असेल तर सरळ द्यावा. खऱ्या नकाराने मूल थोडा वेळ रडते. खोट्या शब्दाने ते आपल्यावरील विश्वास गमावते.

एका गावाचा भोंगा

हे सर्व एकट्या घराला अवघड जाते. शेजारी टीव्ही चालू असेल, तर आपले मूल तिकडे पळते. यावर आपल्याच सांगली जिल्ह्यातील एका गावाने उपाय केला. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने आणि महिलांच्या ग्रामसभेतील निर्णयाने एक नियम झाला. रोज संध्याकाळी सात वाजता गावातील मंदिरावरचा भोंगा वाजतो. घरोघरी टीव्ही व मोबाइल बंद होतात. साडेआठपर्यंत मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे वाचतात किंवा एकमेकांशी बोलतात. सुरुवातीला लोकांचा विश्वास बसेना. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी व निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले आणि नियम रुजला. या उपायाची चर्चा देशभर झाली.

वाचकहो, आपल्याकडे तर हा भोंगा चौदा शतकांपासून आहे. मगरिबची अजान होते. मगरिब ते इशा हा वेळ आपल्या भागात वर्षभर सव्वा तासाच्या आसपास भरतो. कामावरचा माणूस परतलेला असतो, मूल मकतबहून आलेले असते, घर एकत्र असते. हा वेळ आपण सबक ऐकण्यासाठी राखून ठेवला तर? फोन दिवसा घरी असेल, तर त्याची दहा मिनिटे असरनंतर उरकून घ्यावीत आणि मगरिबनंतर तो फळीवर ठेवावा. फोन अब्बांबरोबर बाहेर जात असेल, तर मगरिबच्या नमाजनंतर पहिली दहा मिनिटे त्याची, आणि मग इशापर्यंत तो कोणाच्याही हातात नसावा, अब्बांच्याही नाही. मुलाला बंदी आणि मोठ्यांना मोकळीक, असा नियम दोन दिवसही टिकत नाही.

मशीद समित्यांनीही यात हात घालावा. गावात आपली घरे दहाच असतील, तरी शिकलेली एखादी मुलगी, एखादा निवृत्त शिक्षक सापडतो. ज्या मुलांच्या घरी ऐकणारे कोणीच नाही, त्यांच्यासाठी आठवड्यातून तीन दिवस मकतबला जोडूनच शाळेचा सबक ऐकण्याची सोय करता येईल. एखादा जुना, पण चालू फोन आठवड्याचे पाठ भरून मकतबमध्ये ठेवता येईल. शेजारच्या हिंदू बांधवांची मुलेही त्या अर्ध्या तासात येऊन बसली, तर ते आनंदाचेच आहे. शाळा एक आहे, पुस्तक एक आहे.

मननासाठी प्रश्न

१. गेल्या सात दिवसांत आपण मुलाला किती वेळा "अभ्यास कर" म्हटले आणि किती वेळा त्याचा सबक बसून ऐकला?

२. आपल्या घरात फोनचा शैक्षणिक वेळ मुलगा व मुलगी यांच्यात सारखा वाटला जातो काय?

३. मुलाच्या इयत्तेचे पुस्तक आपण स्वतः एकदा तरी उघडून पाहिले आहे काय?

४. मगरिब ते इशा या वेळेत आपला स्वतःचा फोन कोठे असतो?

या प्रश्नांची उत्तरे कोणाला दाखवायची नाहीत. ती आपल्या मनाशी द्यावीत आणि आज संध्याकाळपासून एक पाठ, अर्धा तास, अशी सुरुवात करावी. मूल चुकत चुकत वाचेल. ऐकणारे माणूस समोर आहे, एवढ्याने त्याला पुढची ओळ वाचण्याचे बळ येईल.

हे अल्लाह, आमच्या मुलांना उपयुक्त ज्ञान दे, त्यांच्या कानांचे व डोळ्यांचे रक्षण कर, आणि त्यांचा सबक ऐकण्याइतका वेळ व धीर आम्हाला दे. आमीन.